कुंकू कोणत्या अंगाला कललं होतं

मी भिंती रंगवणारा माणूस. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढची अक्षरं भिंतीवरच शिकलो. अकोल्यापासून इकडं बाळापूर अन् तिकडं बार्शीटाकळी, मधल्या ज्या गावात एसटी जाते त्या गावात माझ्या हातची एखादी तरी भिंत होती. बियाणं, खत, फवारणीचं औषध, पाण्याची मोटर. ज्या वर्षांची ही गोष्ट आहे त्या वर्षांत कापसाचं बियाणं विकणाऱ्यांनी खेड्यातली एक भिंत कोरी ठेवली नव्हती. एकासाठी मी पांढरंशुभ्र बोंड काढी. पुढच्या साली दुसरा येई, मी त्याच बोंडावर चुना मारून त्याच्यापेक्षा मोठं बोंड काढी. वावरात तेव्हा काय निघत होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी सांगायची गरज नाही. माझी बायको म्हणे, "तुमी भितीवर जेवढा कापूस पिकवता ना, तेवढा अख्ख्या तालुक्यात नाई पिकत." मी म्हणे, "माह्या कापसाले पाणी लागत नाई." ती म्हणे, "म्हणूनच कोनी वेचाले येत नाई."

अशी बोलणारी बाई होती. एकेचाळीस वर्षं बोलली. मग तीन दिवस ताप आला अन् चौथ्या दिवशी बोलणं थांबलं.

बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कपाळभर कुंकू लावलं. भरल्या कपाळानं गेली, भाग्याची, असं जो तो म्हणे. तिलाही तेच पाहिजे होतं. जितेपणी मला ऐकवत राही की मी पहिले जाईन अन् तुम्ही चहा कसा करता ते वरून पाहीन. मला त्या मानाचं कधी काही वाटलं नाही. ज्या बाया मागं राहतात त्यांनी काय गुन्हा केला, हे मी तिला तोंडावर म्हणत असे. पण कपाळ तिचं होतं अन् हौसही तिची होती.

ती टिकली लावत नव्हती. आधी बोटानं मेण लावायचं, मग त्यावर कोरडं कुंकू. चुलीजवळच्या फळीवर हाताएवढा आरसा होता, त्यात पाहून. कुंकू गोल कधी आलं नाही. लांबट येई अन् थोडं कललेलं. मी चिडवायचो, "एवढ्या वर्सात एक गोल जमला नाई तुले. मी बिनाकंपासचा एका दमात काढतो." ती म्हणे, "मंग रोज तुमीच काढून देत जा." ते मी कधी केलं नाही.

तेरवीला फोटो पाहिजे. घरात शोधला तर तिचा एकही सुटा फोटो निघाला नाही. कॅमेरा दिसला की ती पंगतीत वाढायला पळे. एकच फोटो होता, उन्हाळ्यात अमरावतीला माझ्या भाचीचं लग्न झालं त्यातला. जेवणं झाल्यावर फोटोवाल्यानं आम्हा दोघांना मांडवाच्या तोंडाशी उभं केलं होतं. तो फोटो अल्बमात लागला नव्हता. अल्बमात नवरा-नवरी अन् आहेर देणारे. पण माझ्या मुलीनं मागून घेऊन तो पेनड्राइव्हवर आणला होता. मुलगी अकोल्यातच दिलेली आहे. तिनं तो पेनड्राइव्ह बसस्टँडमागच्या एका स्टुडिओत नेऊन दिला. रडत होती. घरी तेरवी आहे, एवढं तिनं सांगितलं. आईचा फोटो सुटा करा, बाजूचे बाबा काढून टाका, लवकर पाहिजे. नाव सांगितलं ते सासरचं. निघून आली.

दुसऱ्या दिवशी फोटो आणायला मी गेलो. तिला गेल्याला सहा दिवस झाले होते.

स्टुडिओवाला पन्नाशीच्या पुढचा, दाढी अर्धी पिकलेली. पुढं मी त्याला भाई म्हणू लागलो, इथंही तेच म्हणतो. आधी नेगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांच्या सुरकुत्या घालवायचा, त्यात त्याचं नाव होतं. मग कॉम्प्युटर आला तेव्हा उतारवयात तेही शिकला. त्यानं पाकीट हातात दिलं. मी उघडलं. फारमाला लावतात त्या साइजचे आठ फोटो. मागं निळं. माझी बायको एकटी. कपाळ कोरं. गळा कोरा.

मी विचारलं, "हिचा नवरा कुठं आहे?"

"गुजर गए ना चाचा. उनकीच तेरवी है बोली बेटी."

"मीच तो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. मग पुन्हा माझ्याकडं. मी म्हणालो, "मी जित्ता आहो भाई. गेली ते ती."

त्यानं आधी स्टूल सरकवलं. मी बसलो नाही. मग तो स्वतःच बसला.

त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं, अन् ते खोटं नव्हतं. त्या सालांत त्याच्या दुकानात सगळ्यात जास्त काम कशाचं होतं, तर खेड्यातल्या बायांच्या फोटोचं. नवरा गेलेला. मदतीचा फारम, निराधारचा फारम, त्याला लावायला फोटो पाहिजे. फोटो काढायला उसंत नाही, जुना कुठलातरी लग्नातला घेऊन येत, नवऱ्यासोबतचा. कोणाचा तरी फारम म्हणे फोटोत कुंकू दिसलं म्हणून परत आला होता. खरं की खोटं कोणाला माहीत, पण तेव्हापासून लोकच सांगत की नवरा बाजूला करा, कुंकू पुसा, मंगळसूत्र काढा. पुढं पुढं तर सांगायचीही गरज राहिली नाही. घरात तेरवी अन् बाईचा फोटो सुटा करायचा, एवढं ऐकलं की ह्याचा हात आपोआप कपाळाकडं जाई. माझ्या मुलीचं ऐकूनही तसाच गेला.

"मग परत आण," मी म्हणालो. "पुसलं ते मागं घे."

इथं दुसरी गोष्ट कळली. कॉम्प्युटरात पुसलेलं मागं घेता येतं, पण काम चालू असेपर्यंतच. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. केलेलं काम बुडू नये म्हणून भाईला दर दोन मिनिटांनी सेव्हचं बटण दाबायची सवय लागली होती, जशी कोणाला मिशीवरून हात फिरवायची असते. फोटो त्यानं सरळ पेनड्राइव्हवरच उघडला होता. कापलं, दाबलं. पुसलं, दाबलं. लहान केला, दाबलं. मग लाइट गेली अन् कॉम्प्युटर बंद पडला. पेनड्राइव्हवर त्याच नावाचा, त्याच जागी, आता हा कोऱ्या कपाळाचा फोटो होता. आधीचा त्याच्याखाली गेला. त्यानं माझ्यासमोर इकडं शोधलं, तिकडं शोधलं. काही नाही.

"टेंशन मत लो चाचा, मै बना देता," असं म्हणून त्यानं कपाळावर लाल गोल ठेवला. एकदम गोल, मधोमध. सिग्नलच्या दिव्यासारखा.

मी म्हणालो, "हे तिचं नाही. तिचं लांबट होतं. कललेलं होतं."

"बराबर. किधरकू कलता था? इस भवई की तरफ के उस भवई की तरफ?"

मी डोळे मिटले.

आता माझं सांगतो. चालत्या एसटीतून मी भिंतीवरचं एक अक्षर वाकडं असलं तर सांगतो. कोणत्या गावच्या कोणत्या भिंतीवर वेलांटी आखूड पडली आहे ते आजही सांगतो. डोळ्याचा धंदा माझा. अन् एकेचाळीस वर्षं जे कपाळ समोर भाकरी वाढत होतं, त्यावरचं कुंकू कोणत्या अंगाला कलत होतं ते मला सांगता येईना. डोळे मिटले तर कधी इकडं दिसे, कधी तिकडं. भाई माउस धरून वाट पाहत होता. मी म्हटलं राहू दे, अन् बाहेर आलो.

घरी मुलीला विचारलं. ती म्हणे उजव्या भिवईकडं. माझी वहिनी तिथंच बसली होती, ती म्हणे कललेलं कुठं, सरळच तर असायचं. दोघींची जुंपली. मी ऐकत बसलो. म्हटलं, ही बाई जाऊन सहा दिवस झाले अन् हिचं कपाळ आताच पंचायतीला लागलं. साल-दोन सालानं तर जो जे म्हणेल ते खरं होईल, अन् मी मान हलवीन. तेरवीला फोटो नसला तरी चाललं असतं, पाटावर सुपारी ठेवून भागवलं असतं. मला तो फोटो पाहायसाठी पाहिजे होता. मला माहीत करून घ्यायचं होतं.

सकाळी पुन्हा स्टुडिओत गेलो. मला कॉम्प्युटर येत नाही, पण झाकून टाकणं म्हणजे काय ते माझ्याइतकं कोणाला येत नाही. भिंतीवरचं गेलं म्हणजे चित्र गेलं असं नसतं. आमच्यात आधी कागदावर चित्र काढतात, रेघेरेघेनं सुईची भोकं पाडतात, तो कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटतात. भिंतीवर ठिपके उमटतात, त्यावर मग रंग. त्या कागदाला खाका म्हणतात. भिंतीवर दहा वेळा चुना मारा, खाका शाबूत असला की चित्र पुन्हा उभं. माझे तीस सालांपूर्वीचे खाके घरात गुंडाळून ठेवलेले आहेत. बायको त्यांना उंदरांचं अंथरूण म्हणे.

म्हणून मी भाईला म्हटलं, "तुह्या पेनड्राइव्हचं सोड. ते भिंत झाली. हा फोटो कोणत्या खाक्यावरून आला?"

त्याला लगेच उमगलं. कॅमेऱ्यात कार्ड असतं, फोटो पहिले त्यावर उमटतो. ते कार्ड अमरावतीच्या फोटोवाल्याकडं. भाईनं एसटीडीवरून फोन लावला. फोन फोटोवाल्याच्या बायकोनं उचलला. दुकानातलं कॉम्प्युटरचं सगळं काम ती पाही. तिनं सांगितलं, लग्नाचे फोटो सीडीवर घेतले ते अल्बमापुरते, बाकीचे कॉम्प्युटरातून काढून टाकले. कार्डही रिकामं केलं. भाईचा चेहरा उतरला. पण त्यानं एक सवाल बरा विचारला, की रिकामं केल्यावर त्यावर किती शूटिंग झालं. ती म्हणाली, हे लग्न सराईतलं शेवटचंच, तेव्हापासून एक बारसं, बस.

भाई म्हणाला की मग आशा आहे. रिकामं केलं म्हणजे पुसलं असं नसतं. फक्त यादी फाडली. फोटो आत पडून राहतात, त्यांच्यावर नवीन फोटो येऊन बसेपर्यंत.

"मग चल," मी म्हणालो.

"अबी?"

"नाई तं कावून थांबाचं? तिथं आजून एक बारसं झालं म्हणजे?"

त्यानं दुकानाचं शटर ओढलं. त्याचा त्या दिवसाचा धंदा गेला, ते त्यानं कधी काढलं नाही, मीही कधी काढलं नाही. पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत गेलो, तिथून अमरावतीला. डब्यात, मूर्तिजापूर मागं पडल्यावर, भाई आपणहून सांगू लागला, मराठी-हिंदी एकत्र. पहिल्यांदा कुंकू पुसलं तेव्हा म्हणे त्याला घरी जेवण गेलं नव्हतं. त्यांच्यात कुंकू नसतं, तरी. दहा-वीस झाल्यावर हात बसला. आता त्याला आठवतही नव्हतं किती पुसले. त्यातल्या एकीचाही मूळ फोटो त्यानं ठेवला नव्हता. मी त्याची समजूत काढली नाही. मी स्वतः त्या सालांत भिंतीवर भरघोस उत्पन्नाची हमी लिहीत फिरत होतो, मी कोणाची समजूत काढणार. खिडकीतून बाहेर पाहिलं तर एका गोठ्याच्या भिंतीवर माझंच बोंड गेलं. अर्धा चुना उडून खालचं जुनं बोंड दिसत होतं. भाईला दाखवलं. तो म्हणाला, "चाचा, ये तो अच्छी निशानी है." मी म्हटलं, "निशानी कसली, चुना कमी पडला होता."

फोटोवाल्याची बायको चाळिशीतली, चष्मा लावणारी, कामाची बाई. आधी चहा विचारला, मग माझ्याकडं पाहून विचारलाच नाही असं करून कामाला लागली. मला ते आवडलं. ड्रॉवरमधून नखाएवढ्या चार कार्डांतलं एक काढलं. भाई ते घ्यायला गेला तर तिनं हात मागं घेतला.

"याच्यावर आता काहीच करायचं नाही," ती म्हणाली. "जे सापडेल ते दुसरीकडं ठेवायचं. याच्यावर ठेवलं तर शोधता शोधता आपणच त्याच्यावर बसू."

भाईनं मान खाली घालून ऐकलं. विद्यार्थ्यासारखं.

अकरा वाजले होते. बाराला त्यांच्याकडं लाइट जायची. तिनं एक प्रोग्राम लावला. तो कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत जातो अन् फोटोसारखं काही लागलं की बाहेर काढून ठेवतो. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. पट्टीखाली एकेक फोटो येऊ लागला. आधी बारसं. पाळणा, घुगऱ्या, कोणाचंतरी गुटगुटीत लेकरू, सगळे कोण कुठले. मग बराच वेळ नुसते रंगाचे पट्टे, कापडाच्या थानासारखे. तिनं सांगितलं की हे बारशाखाली दबलेले, हे आता येणार नाहीत. मग एकदम हळद. माझी भाची हळदीत माखलेली. भाईनं माझा दंड धरला. तो सोडायचं विसरला.

पट्टी चारातले तीन हिस्से भरली तेव्हा बाराला दहा कमी होते. मांडव आला. वरात आली. पंगत आली, पंगतीत वाकून वाढणाऱ्या एका बाईची पाठ आली. ती पाठ मी ओळखली.

बाराला चार मिनिटं असताना तो फोटो आला. अर्धा. वरचा भाग चांगला लख्ख, खांद्याच्या खाली सगळं राखाडी, चुलीतल्या राखेसारखं सपाट. फोटोवाल्याच्या बायकोनं समजावलं, लग्नात तिचे मालक बिघडलेले फोटो जागच्या जागी खोडत होते, त्यामुळे कार्डावर मधेमधे खाचा पडल्या अन् हा एक फोटो दोन खाचांत वाटला गेला. एक खाच वाचली, दुसरीवर बारसं बसलं. खालचा भाग आता येणार नाही. असं बोलता बोलता तिनं तो फोटो दोन ठिकाणी उतरवून घेतला, सीडी भरायला लावली, अन् सीडी बाहेर आली तशी लाइट गेली. पंखा थांबला. पडदा काळा. तिनं सीडी माझ्या हातात ठेवली, भाईच्या नाही.

पण मी त्याआधी पाहून घेतलं होतं. तिनं तो मोठा करून दाखवला होता.

कुंकू तिच्या उजव्या भिवईकडं कललेलं होतं. मुलगी बरोबर होती. लांबट, खालून जरा जाड, वर निमुळतं, ज्वारीच्या दाण्यासारखं. तोंडावर हसू नाही, कॅमेऱ्यावर राग, पंगत सोडून आणलं म्हणून. अन् बाजूला मी. फेटा बांधलेला. मी कॅमेऱ्याकडं पाहत नव्हतो, तिच्याकडंही नाही. मान वर करून मांडवाच्या तोंडावरची पाटी पाहत होतो. मला आठवलं. त्या पाटीत विवाहचा ह दुसऱ्या अक्षरांपेक्षा जाड झाला होता अन् मी मनातल्या मनात त्या पेंटरला शिव्या देत होतो.

एकेचाळीस वर्षं कुठं पाहत होतो त्याचा पुरावाच तो. मी पाट्या पाहत होतो.

परत येताना गाडीत भाईनं विचारलं की खालच्या राखेचं काय करायचं. त्याच्याजवळच्या फोटोत खालचा भाग होता, पण तो फारमाच्या साइजचा इतका बारीक केलेला, की मोठा केला तर चौकडीच्या पंच्यासारखा दिसला असता. मी म्हटलं, "खालचं मी काढतो. लुगडं मले माहीत आहे. ते मीच आणलं होतं."

दुकानात आल्यावर त्यानं फोटो उघडला अन् कात्री घेऊन माझ्याकडं, म्हणजे फोटोतल्या माझ्याकडं, निघाला. मी त्याचा हात धरला.

"आधी दुसऱ्या नावानं ठेव," मी म्हणालो. "मंग काय कापाचं ते काप."

तो हसला. त्या सहा-सात दिवसांत माझ्यासमोर पहिल्यांदा कोणी हसलं होतं. मूळचा त्यानं दोन सीड्यांवर ठेवला, एक मला दिली, एक त्याच्या कपाटात. मग मला कापलं. मोठा प्रिंट काढला, खरखरीत कागदावर, म्हणजे रंग धरेल. कपाटातून त्याची जुनी पत्र्याची डबी काढली, पेन्सिलीच्या जमान्यात फोटोवर हातानं रंग भरायची. अर्ध्या वड्या चिरल्या होत्या. पाणी टाकल्यावर जिवंत झाल्या.

त्याच्या काउंटरवर बसून मी दोन दिवस लुगडं काढलं. हिरवं नाही, तिनं त्या लग्नात नेसलेलं, वांगी रंगाचं, काठाला पिवळी रेघ. मंगळसूत्राचे काळे मणी सगळ्यात बारीक ब्रशनं एकेक ठेवले. कपाळाला मी हात लावला नाही. भाईनंही नाही. गिऱ्हाइकं यायची, वाकून पाहायची, कोणी म्हणे कॉम्प्युटरनं काढलं का. भाई म्हणे, "नहीं, मालक ने." मी त्याला दुरुस्त केलं नाही.

तेरवीला फोटो लागला. वहिनी जवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिली अन् मग म्हणाली की हो बाई, कललेलंच होतं. मुलगी म्हणाली, "म्या सांगतलं होतं ना." दोघी तिथंच रडल्या. मी बाहेर मांडवात पंगत पाहायला गेलो.

तेरवी झाल्यावर भाईला काय द्यायचं हा सवाल होता. तो काही घेईना, अन् मी फुकटचं ठेवून घेणारा नाही. त्याच्या दुकानात एक पाटी लिहून दिली. टिनाची, काळ्यावर पिवळी, कॉम्प्युटरच्या वर, गिऱ्हाइकाला अन् त्याला दोघांनाही दिसेल अशी. कोण गेलं ते आधी सांगा. मूळ फोटो जपून ठेवला जाईल. एक ओळ मराठीत, तीच खाली उर्दूत. उर्दूची त्यानं कागदावर लिहून दिली, मी खाका करून उतरवली. एकही अक्षर जाड झालं नाही, मी तीनदा तपासलं.

पाटी लावत होतो तेव्हाच बार्शीटाकळीकडची एक बाई आली. तिशीची असेल. पिशवीतून लग्नातला फोटो काढला, तिचा अन् नवऱ्याचा, कोपरे दुमडलेले. तिनं पाटी वाचली, सावकाश, ओठ हलवत. मग आपणहून म्हणाली, "मालक गेले. फारमाचा फोटो पाह्यजे."

भाईनं विचारलं, "कुंकू पुसाचं का ठेवाचं?"

तिला असं कोणी विचारलं नसावं. तिनं फोटोचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"फारमावर पुसा," ती म्हणाली. "पन घरी लावाले ह्यातलंच मोठं करून द्या, दोघाचं. त्यातलं काहीच नका काढू."

भाईनं फोटो यंत्राखाली ठेवून कॉम्प्युटरात घेतला. आधी दुसऱ्या नावानं ठेवला. पडद्यावर तो मोठा झाला. मी टेबलावर उभा होतो, हातात हातोडी, पाटीचा एक खिळा ठोकायचा राहिला होता. तो तसाच ठेवून मी खाली उतरलो अन् चष्मा लावला. तिचं कुंकू गोल होतं, बरोबर मधोमध, खाली मेणाचा एक ओघळ आलेला. मी नीट पाहून घेतलं.